पाहुण्याचं पाणी

आमच्याकडे पाहुण्याला बोलतं करणं कधीच अवघड नव्हतं, थांबवणं अवघड होतं. मी कॉलेजात नोकरीला लागलो त्या वर्षी एका पाहुण्याने 'दोनच शब्द बोलतो' म्हणून सुरुवात केली आणि लांबच्या गावांहून येणाऱ्या पोरांच्या शेवटच्या एसट्या निघून गेल्या. त्यामुळे पुढे पोरांनीच जेव्हा टूम काढली की भाषणं बंद करू, पाहुण्याची जाहीर मुलाखत घेऊ, प्रश्न आम्ही विचारू आणि ऐकायला कुणीही यावं, तेव्हा मार्गदर्शक शिक्षक म्हणून मी लगेच होकार दिला. मार्गदर्शन असं काही केलं नाही. सभागृहाची किल्ली माझ्याकडे असायची, एवढंच.

आमचं गाव श्रीरामपूरपासून एसटीने फार लांब नाही. कॉलेजची बहुतेक पोरं आसपासच्या खेड्यांतली. नियम त्यांनीच केले. शाल नाही, नारळ नाही. पाहुण्याचा परिचय चार वाक्यांत. प्रश्न आधी दाखवायचे नाहीत. पाण्याची प्रथा मात्र कुणी ठरवून पाडली नाही. पहिल्याच मुलाखतीला सीलबंद बाटल्या आणायचं राहून गेलं आणि मुलाखत घेणारा पोरगा धावत घरी जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आला. पाहुणे होते एक माजी कुलगुरू. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला 'फार छान प्रश्न आहे' म्हटलं, एकाचंही उत्तर दिलं नाही, पण पाण्याचं मनापासून कौतुक केलं. तेव्हापासून ज्याची मुलाखत घ्यायची पाळी, त्याच्या घरचं पाणी. बेलापूरचा एक पोरगा एसटीत तांब्या मांडीवर धरून बसायचा आणि कंडक्टर म्हणायचा, "याचं हाफ तिकीट काढ, मांडीवर बसलंय."

या गोष्टीतली मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. आवाज बारीक, पण प्रश्न विचारून झाल्यावर ती पाहुण्याकडे बघत राहायची आणि मध्ये काही बोलायची नाही. लोकांना शांतता सोसत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ठिबकच्या नळ्या बनवणारे एक कारखानदार आले होते. शून्यातून उभे राहा, असं त्यांनी पोरांना सांगितलं. तिने विचारलं, "तुम्ही सुरुवात केली तेव्हा काय होतं तुमच्याकडे?" आणि बघत राहिली. ते थोडा वेळ घाम पुसत होते. मग म्हणाले, "तसे वडिलांचे दोन कारखाने होते." सभागृह इतकं हसलं की परत येऊ म्हणालेले ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

मग साहेबांचं ठरलं. कुठले साहेब ते सांगत नाही. आमच्या जिल्ह्यात साहेब म्हटलं की प्रत्येकाला आपापला कळतो. साखर कारखाना सभासदांचा होता आणि सभासद साहेबांचे होते. आमच्या शिक्षणसंस्थेवर स्वतः साहेब होतेच. बाजार समितीत भाऊ, पतसंस्थेत मेहुणा. इतकी वर्षं त्यांची असंख्य भाषणं झाली होती, पण त्यांना समोरासमोर कुणी प्रश्न विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं. पोरांनी निमंत्रण पाठवलं ते गमतीने. उत्तर आलं, साहेब येतील. त्या दिवसापासून प्राचार्यांचा रक्तदाब वाढला.

पाळी या मुलीची होती. तिचं गाव कारखान्याच्या खालच्या अंगाला. कारखान्याच्या डिस्टिलरीचं सांडपाणी आधी तळ्यात साठायचं, मग जमिनीत मुरायचं, आणि तिच्या गावातल्या विहिरींना कोऱ्या चहाचा रंग आला होता. गुरं त्या पाण्याला तोंड लावत नव्हती. माणसं पिण्याच्या पाण्याचे जार विकत घेत होती. आणि तिचे वडील त्याच कारखान्यात हंगामी कामगार होते. गळीत हंगाम सुरू झाला की बोलावणं यायचं, हंगाम संपून पट्टा पडला की घरी बसायचं. ती बालवाडीत होती तेव्हापासून ते कायम होण्याची वाट बघत होते. त्या वर्षी यादीत नाव लागेल असं त्यांना सांगण्यात आलं होतं. असं त्यांना दर वर्षीच सांगण्यात यायचं, पण त्या वर्षी ते जरा खालच्या आवाजात सांगितलं होतं, म्हणून त्यांचा विश्वास बसला होता.

तिने प्रश्न तयार केला होता: आमच्या विहिरी कारखान्याच्या पाण्याने बिघडल्या आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? वर्गात त्यावर चर्चा झाली. एक पोरगा म्हणाला, "का बिघडल्या असं विचार ना. माहीत आहे का, हा काय प्रश्न झाला?"

ती म्हणाली, "का विचारलं की ते अर्धा तास बोलतील. माहीत आहे का म्हटलं की हो म्हणावं लागतं, न्हाईतर न्हाई."

दोनच दिवसांनी तिचे वडील स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. चप्पल बाहेर काढून आले होते.

"सर, पोरगी हुशार हाय ना?"

"आहे की."

"मंग तिला दुसरं काम द्या. हार करायचं, रांगोळीचं. न्हाईतर आभार मानू द्या. आभार लई चांगलं मानती ती."

"तुम्हाला कुणी काही बोललं का?"

"न्हाई, न्हाई. कोन काय बोलनार?" ते हसले. "सुपरवायझरनी घरी येऊन च्या घेतला. पंधरा वर्षांत पयल्यांदा आला बघा. म्हनला, पोरगी नाव काढनार तुमचं. एवढंच म्हनला."

मी तिला बोलावून सांगितलं की पाळी बदलता येईल. ती म्हणाली, "पप्पा माझ्याशी यातलं काहीच बोलले नाहीत, सर. ते बोलले असते तर मी विचार केला असता." मला वाटतं, ते घरी बोलले नव्हते ते याच कारणाने. पोरीने आपल्यासाठी माघार घेतली, हे त्यांना बघायचं नव्हतं. ती माघार त्यांना माझ्या हातून हवी होती.

मग साहेबांच्या स्वीय सहायकाचा फोन आला. आवाज अत्यंत मऊ.

"सर, प्रश्नांचा थोडा अंदाज दिला असता तर बरं."

"प्रश्न आधी द्यायचे नाहीत, अशी प्रथा आहे आमच्याकडे."

"कुणी पाडली?"

"पोरांनी."

"पोरं तीन वर्षांनी जातात, सर," तो म्हणाला. "तुम्ही इथंच असता." आणि घरच्यांची चौकशी करून त्याने फोन ठेवला. त्याला माझ्या मुलाची इयत्ता माहीत होती.

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नाही. आम्ही प्रश्नाला इतके कवटाळून बसलो होतो की पाण्याचा विचारच केला नाही. प्रथेप्रमाणे पाणी तिच्या घरचं असणार होतं.

ती मुलाखतीच्या दिवशी दुपारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला पितळी तांब्या घेऊन सभागृहात आली, तेव्हा पुढच्या पाच रांगा पांढऱ्या कपड्यांनी भरल्या होत्या. ही माणसं मी पूर्वी कधी मुलाखतीला पाहिली नव्हती. बोलत नव्हती, हलत नव्हती, नुसती बसली होती. आमचे नेहमीचे श्रोते मागे भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांच्यात तिचे वडील. सहायक टेबलावर बाटल्या मांडत होता.

"हे काय?" त्याने तांब्याकडे बघून विचारलं.

"पाहुण्याचं पाणी," ती म्हणाली. "मुलाखत घेणाऱ्याच्या घरचं असतं."

"घर कुठं तुझं?"

तिने गावाचं नाव सांगितलं. सहायकाने हातातली बाटली खाली ठेवली, मोबाईल काढला आणि बाहेर गेला. परत आला तेव्हा हसत होता. बाटल्या एकेक करून उचलत म्हणाला, "साहेब म्हणाले, प्रथा मोडायची नाही."

त्याच्या हसण्याने मला फोनपेक्षा जास्त धास्ती वाटली.

साहेब आले. खरं सांगायचं तर माणूस छान बोलतो. बालपण, कुस्ती, पहिली निवडणूक. पुढच्या पाच रांगा योग्य जागी हसत होत्या, त्याही एकदमच. मग तिने प्रश्न विचारला, जसा ठरवला होता तसा, एक शब्द इकडचा तिकडे न करता. आणि ती बघत राहिली.

पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. साहेबांनी घाई केली नाही. त्यांनी तिच्याकडे बघितलं, टेबलावरच्या तांब्याकडे बघितलं.

"हे पाणी तुझ्या घरचं?"

"हो."

"मग उत्तर इथंच आहे की, बाळा."

ते उठून उभे राहिले. तांब्या उचलला, खेड्यातली माणसं पितात तसा वर धरला आणि धार तोंडात सोडली. घोट घोट, सगळा तांब्या संपेपर्यंत. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. मी बाजूला उभा होतो म्हणून मला दिसलं, की पिताना त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. लहान मूल एरंडेल घेताना मिटतं तसे. तिसऱ्या-चौथ्या घोटाला चेहऱ्यावर जरा नवल उमटलं आणि मग डोळे उघडले.

"गोड आहे," तांब्या ठेवून ते म्हणाले. "अमृत आहे. लोक उगाच काहीबाही उठवतात."

तिने टाळ्या थांबू दिल्या. मग म्हणाली, "साहेब, ते जारचं आहे. मी विहिरीचंच भरून घेत होते. आईने ओतून टाकलं. म्हणाली, आलेल्या माणसाला तसलं पाणी द्यायचं नसतं."

मागून कुणीतरी एकटंच हसलं आणि लगेच थांबलं. पुढच्या पाच रांगांना आता काय करायचं ते कुणी सांगितलेलं नव्हतं. साहेब हळूच खाली बसले. रुमालाने मिशा टिपल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"आईला माझा नमस्कार सांग," ते म्हणाले. "चांगल्या घरची आहेस. वडील आमच्याकडेच आहेत ना, बॉयलरवर?"

आणि मान वर करून त्यांनी मागच्या भिंतीकडे, नेमकं तिच्या वडिलांकडे बघितलं.

मुलाखत पुढे रीतसर संपली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तांब्या उंच धरलेल्या साहेबांचा फोटो होता. खाली लिहिलं होतं की साहेबांनी गावच्या पाण्याची शुद्धता स्वतः पिऊन सिद्ध केली. जारचा उल्लेख नव्हता. प्राचार्यांनी बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, की संस्थेने मुलाखतींच्या कार्यक्रमाला मदत करायचं ठरवलं आहे. मोठा फलक, चांगला माईक, बाटलीबंद पाणी. त्याबरोबर शालही परत आली.

आम्ही वाईट बातमीची वाट बघत होतो. वडिलांना हंगामाचं बोलावणं येणार नाही, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. दिवाळी झाली, कारखान्याचा बॉयलर पेटला, आणि बातमी आली ती वेगळीच. वडील कायम झाले होते.

त्यानंतर ती कॉलेजात यायची बंद झाली. परीक्षेचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मी तिच्या गावी गेलो. वडील अंगणात होते. अंगावर नवा खाकी गणवेश, इस्त्री केलेला. मला पाहून त्यांना आनंद झाला, पण नजर लगेच खाली गेली.

"बॉयलरवरून काढलं आता मला. हलकं काम दिलंय," ते म्हणाले. "गावातल्या विहिरींचं पानी बघायचं. बाटल्या भरून न्यायच्या, आन् पानी चांगलं हाय म्हनून सही करायची."

"तपासतं कोण?"

"तपासतेत की वर. पन सही आदी घेतेत." त्यांनी गणवेशाची कॉलर नीट केली. "आता चांगलं झालंय, सर, पानी. खरंच. थांबा."

ते घरात न जाता विहिरीकडे गेले. परत आले तेव्हा हातात कळशी होती. ओट्यावरचे दोन पितळी पेले घेऊन त्यांनी भरले. एक मला दिला, दुसरा स्वतः तोंडाला लावला. डोळे मिटून, एका दमात. पेल्यातलं पाणी पितळेवर कुठल्या रंगाचं आहे ते नीट कळत नव्हतं. वास कळत होता.

मुलगी दारात येऊन उभी होती. मला वाटलं ती तोच प्रश्न विचारणार. तिने विचारला नाही. वडिलांनी तिच्याकडे बघितलं नाही. लांबून कारखान्याचा भोंगा वाजला. त्यांनी खिशातला बिल्ला काढून शर्टाला लावला आणि मोटारसायकल सुरू केली.

"ड्युटीची येळ झाली. तुमी प्या, सर, निवांत."

गाडी अंगणातून बाहेर पडली. माझ्या हातात पेला तसाच होता. तिने हात पुढे केला आणि तो घेतला, पण ओतला नाही. तशीच धरून उभी राहिली.

"अर्ज मी भरते, सर," ती म्हणाली. "परीक्षा देते. मुलाखतीला मात्र मला धरू नका."

"बरं."

"आता बाटल्याच ठेवता ना?"

"हो."

ती रस्त्याकडे बघत होती. मोटारसायकल उसाच्या कडेने गेली, वळणावर दिसेनाशी झाली. आवाजही गेला. मग तिने पेला मोरीत ओतला, आत जाऊन जारचं पाणी भरून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं.