गांगुर्डे गेम तपासतात

आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये रिजेक्ट झालेला माल लाल पेटीत टाकतात आणि ती पेटी दर शनिवारी रिकामी होते. किश्शांची पेटी मात्र कोणी रिकामी करत नाही. अंबडच्या या कारखान्यात मी एकोणीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग मोजतोय, आणि तेवढीच वर्षं गांगुर्डे माझ्या शेजारच्या टेबलावर बसून ते नापास करतायत. त्यामुळे माझ्याकडे साठलेले निम्मे किस्से त्यांचे आहेत. उरलेले निम्मे त्यांच्यामुळे घडलेत, पण ते मान्य करत नाहीत!

यंदा त्यात एका गेमची भर पडली. हातात धरून खेळायचा, मोठ्या स्क्रीनचा, नवाकोरा गेम. त्याची किंमत ऐकून आमच्या लॅबमधल्या खैरनारांच्या हातातला चहा बशीत सांडला होता.

*

पण आधी गांगुर्डे म्हणजे काय चीज आहे ते कळायला हवं.

एकदा ते भांडीबाजारात पाण्याचं स्टीलचं पिंप घ्यायला गेले. ते उलटं करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, नखाने वाजवून पाहिलं. दुकानदार शेवटी म्हणाला, "साहेब, घरी नेऊन पाणी भरा. गळलं तर परत आणा."

दुसऱ्या दिवशी गांगुर्डे पिंप घेऊन दुकानात हजर.

"गळतंय का?"

"नाही."

"मग?"

"दोन कड्या एका रेषेत नाहीत. अडीच मिलिमीटरचा फरक आहे."

दुकानदाराने दुसरं पिंप दाखवलं. मग तिसरं दाखवलं. मग हात जोडून म्हणाला, "साहेब, मागे गोदाम आहे. तुम्हीच आत जा आणि पसंत पडेल ते उचला."

गांगुर्डे अकरा वाजता गोदामात शिरले ते दोन वाजता रिकाम्या हाताने बाहेर आले. "एकोणचाळीस पिंपं होती," त्यांनी आम्हाला सांगितलं. "एकही मापात बसलं नाही!" संगीतावहिनी अजून जुन्याच पिंपात पाणी भरतात.

*

तर अशा माणसाने आपल्या मुलीला शब्द दिला होता. प्राची अकरावीत असताना ते बोलून बसले, "चांगल्या कॉलेजात इंजिनिअरिंगला नंबर लागला, तर तुला तो गेम घेऊन देईन." तेव्हा दोन वर्षं फार लांब वाटत होती.

पोरगी हुशार निघाली. पुण्याच्या कॉलेजात नंबर लागला, हॉस्टेल मिळालं, जायची तारीखही ठरली. तोवर त्या गेमचं नवं मॉडेल बाजारात आलं होतं आणि किंमत दीडपट झाली होती. तारखेला दोन आठवडे उरले आणि गांगुर्डेंनी चहाच्या वेळी ही गोष्ट आमच्यासमोर काढली. घरात कोणाला मोठं आजारपण निघालं की माणूस जसं सांगतो, त्या आवाजात ते सांगत होते.

"घरचे काय म्हणतात?" शिंदे मॅडमनी विचारलं. मॅडम आमच्या लॅबच्या प्रमुख.

"संगीता म्हणते, शब्द जुन्या मॉडेलचा होता. नव्या मॉडेलला तो लागू नाही."

आम्ही वहिनींना मनातल्या मनात सलाम केला. अशी बाई आमच्या पर्चेसला हवी होती!

"आणि प्राची?"

"ती काही बोलत नाही. तीच तर अडचण आहे," गांगुर्डे म्हणाले. ती भांडली असती तर त्यांना नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

खैरनार मूळचे सटाण्याकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलतात, पण पोटतिडीक आली की अहिराणीवर येतात. ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "भाऊ, पोरीले लई दे ना!"

"असं कसं घेऊन देऊ? आधी तपासायला नको?"

*

गांगुर्डेंनी पोरीलाच कामाला लावलं. जुनं मॉडेल आणि नवं मॉडेल, दोन्हींची तुलना लिहून आण म्हणाले. बिचारीने रात्रीतून तक्ता केला. स्क्रीन, बॅटरी, वजन, कोणते गेम कशावर चालतात, सगळं होतं.

तक्ता वाचायच्या आधीच गांगुर्डेंनी परत केला. का? तर पानावर नंबर नाही, तारीख नाही आणि तयार करणाऱ्याची सही नाही.

प्राचीने दुसऱ्या दिवशी सगळं घालून आणला. तो परत आला, कारण वजन एकीकडे ग्रॅममध्ये होतं आणि एकीकडे किलोमध्ये. तिसरा आला तो बॅटरीच्या आकड्याचा पुरावा जोडला नाही म्हणून परत गेला. चौथ्यात चूक सापडेना तेव्हा गांगुर्डे अस्वस्थ झाले आणि तो तक्ता लॅबमध्ये घेऊन आले.

शिंदे मॅडमनी तो शांतपणे वाचला. मग आमच्या एका मोठ्या सप्लायरचा, ना तारीख ना सही असलेला रिपोर्ट ड्रॉवरमधून काढून त्याच्या शेजारी ठेवला. "गांगुर्डे," त्या म्हणाल्या, "पोरीला पुण्याला कशाला पाठवता? या सप्लायरकडे पाठवा!"

*

मग पैसे वसूल होतात का हा प्रश्न निघाला. यात आमचे खैरनार तरबेज. ती चार वर्षं रोज किती वेळ खेळेल ते त्यांनी धरलं आणि गेमच्या किमतीला तेवढ्या तासांनी भागलं. मग पॉपकॉर्नसकट सिनेमाचा एका तासाचा खर्च काढला. गेम कितीतरी स्वस्त निघाला!

"बघा!" खैरनार म्हणाले. "सिनेमापेक्षा परवडतो."

गांगुर्डेंनी तो कागद दोनदा तपासला. आकडेमोड बरोबर होती. मग त्यांचा चेहरा पडला.

"खैरनार, हा हिशेब खरा ठरायला पोरीने चार वर्षं रोज दोन तास खेळायला हवं. मग इंजिनिअर कोण होणार?"

खैरनारांनी कागद घेतला, रोजचा वेळ अर्धा तास केला आणि परत भागाकार केला. आता गेम सिनेमापेक्षा महाग निघाला. "अभ्यास केला तर परवडत नाही," ते खिन्न होऊन म्हणाले. तो कागद आम्ही फायलीला लावला.

*

मॅडमच्या भाच्याकडे जुनं मॉडेल होतं. एक दिवस त्यांनी ते लॅबमध्ये आणलं. आमच्याकडे एक पद्धत आहे. मोजायचं साधन भरवशाचं आहे का हे पाहायचं, तर तिघांनी एकच वस्तू तीन-तीनदा मोजायची आणि आकडे जुळतात का ते बघायचं. मॅडम म्हणाल्या, इथेही तेच करू. खैरनार, गांगुर्डे आणि मी, प्रत्येकाने गाड्यांची एकच शर्यत तीनदा खेळायची.

लंच टाइम होता, म्हणजे गुन्हा नव्हता. मी तिन्ही वेळा सातवा आलो. भरवशाचा माणूस! खैरनार पहिल्यांदा दुसरे आले, दुसऱ्यांदा बारावे आले आणि तिसऱ्यांदा उलट्या दिशेने गेले. गांगुर्डेंची पहिली शर्यत सुरूच होईना, कारण बटण दाबल्यावर नेमकं किती आत जातं हे ते बघत होते.

तेवढ्यात दार उघडून प्लँटचे मोठे साहेब आत आले. आमच्या चौघांच्या डोक्यांच्या मधोमध तो गेम पीं-पीं करत होता.

"काय चाललंय?"

मी तर चटकन एक भाग मोजायला घेतला. शिंदे मॅडम मात्र पापणी न लववता म्हणाल्या, "माणसागणिक रीडिंगमध्ये फरक पडतो का, ते बघतोय सर."

साहेबांनी स्टूल ओढलं, चष्मा वर सरकवला आणि गेम हातात घेतला. तीन शर्यती खेळले, तिन्ही जिंकले आणि उठले. दारापाशी गेल्यावर वळून म्हणाले, "उद्या लंच किती वाजता करता?"

*

शेवटी प्रत्यक्ष नवा गेम पाहायचं ठरलं. द्वारका चौकाजवळ एक दुकान आहे, तिथे काचेच्या टेबलावर एक पीस ग्राहकांना हाताळायला ठेवलेला असतो. शुक्रवारी ड्युटी संपल्यावर आम्ही चौघं गेलो. द्वारकेला गाड्या लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास गेला, त्यामुळे सगळे आधीच तापलेले होते.

गांगुर्डेंनी खिशातून भिंग काढलं. खैरनारांनी गेम हातात घेतला, अंगठ्याने फिरवायची ती छोटी दांडी हलवली आणि कान लावून ऐकलं. "उजवीकडची जरा सैल आहे," ते म्हणाले. गांगुर्डेंनी हलवून पाहिली आणि मान डोलावली. "लूज आहे."

आता इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे नापास भागावर ताबडतोब लाल रंगाची फुली मारतात, म्हणजे तो चुकून चांगल्या मालात जात नाही. त्यासाठी प्रत्येकाच्या खिशाला लाल पेंट मार्कर असतो. हाताला वर्षानुवर्षांची सवय असते.

गांगुर्डेंच्या तोंडून "लूज आहे" निघालं आणि खैरनारांनी त्या कोऱ्या गेमच्या पाठीवर ठसठशीत लाल फुली मारली!

मालक काउंटरवरून धावत आला.

"अहो काका! हे काय केलंत? आता हा पीस कोण घेणार?"

"कोणी घेऊ नये म्हणूनच तर मारली!" खैरनार म्हणाले, आणि मग आपण कुठे उभे आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं.

मॅडमच्या पर्समध्ये नेलपॉलिश काढायचं लिक्विड होतं म्हणून वाचलो. फुली पुसता पुसता मॅडमनी मालकाची पंधरा वेळा माफी मागितली. गांगुर्डे तेवढ्यात पॅकिंगच्या खोक्यांचे कोपरे बघत होते. आणि निघताना म्हणाले, "सोमवारी ठरवू."

प्राची रविवारी सकाळच्या गाडीने जाणार होती!

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. एकोणीस वर्षांत मी त्यांना कधी असं बोललो नव्हतो. पार्किंगमध्ये त्यांची गाडी अडवून म्हणालो, "गांगुर्डे, पोरगी आहे ती तुमची. व्हेंडर नाही. तिने तिचा माल वेळेवर दिलाय."

त्यांनी हेल्मेट घातलं आणि निघून गेले. घरी जाताना मलाच वाईट वाटत राहिलं.

*

सोमवारी गांगुर्डे उशिरा आले. आल्या आल्या म्हणाले, "घेतला."

शनिवारी ते एकटेच त्या दुकानात गेले होते. सीलबंद खोकं घेतलं, पैसे दिले आणि परत आले. खोकं उघडून पाहिलं नाही. उजेडात धरलं नाही. भिंग घरीच ठेवून गेले होते! खैरनारांनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

"पोरीने संध्याकाळी उघडला," गांगुर्डे सांगू लागले. "मी शेजारीच बसलो होतो. स्क्रीन सुरू झाली आणि मला दिसलं. डाव्या कोपऱ्यात, खाली, एक ठिपका आहे. पेटतच नाही. टाचणीच्या टोकाएवढा."

या माणसाने अडीच मिलिमीटरसाठी पिंप परत केलं होतं.

"मग? बदलून आणला?"

"दुकान रविवारी बंद. ती सकाळी जाणार. आणि ती इतकी खूश होती हो... माझ्या गळ्यातच पडली. लहानपणी पडायची तशी." गांगुर्डेंनी भिंग काढून उगाच पुसलं. "मला म्हणाली, पप्पा, तुम्ही बघा ना, काही डिफेक्ट आहे का? मी म्हटलं, काही नाही. एकदम ओके."

गांगुर्डेंनी आयुष्यात पहिल्यांदा खोटा रिपोर्ट दिला होता.

"तिला यातलं काही कळू देऊ नका," ते म्हणाले. "तिला दिसलेलं नाही." आणि समोरचा भाग उचलून मोजायला लागले.

दुपारी तीनच्या सुमारास शिंदे मॅडमचा मोबाइल वाजला. गांगुर्डे समोरच्या टेबलावर खाली मान घालून बसले होते. मी मॅडमच्या शेजारी होतो, म्हणून मला पलीकडचा आवाज ऐकू आला. प्राची होती, पुण्याहून; मॅडमच्या भाच्याकडे असा गेम आहे हे ती पप्पांकडून ऐकून होती.

"मॅडम, तुमच्या भाच्याला एक विचाराल? स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात ठिपका आहे, तो वाढत जातो का? मला शनिवारीच दिसला होता. पण प्लीज, पप्पांना सांगू नका. त्यांनी न तपासता आणलाय, फक्त माझ्यासाठी. कळलं तर त्यांना फार लागेल."

मॅडम खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "नाही वाढत. तू निश्चिंत राहा." आणि फोन ठेवला.

आमच्याकडे दुपारी बाहेरून फोन आला की तो बहुधा कस्टमरच्या तक्रारीचाच असतो. गांगुर्डेंनी मान वर केली.

"कोणाचा फोन होता, मॅडम?"

मॅडमनी पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या, रजिस्टर पुढे ओढलं आणि म्हणाल्या,

"कस्टमरचा. काही कम्प्लेंट नाही म्हणाले."