डाव्या चाकाचे नट आणि आमचे होणारे व्याही

नव्वदच्या दशकाच्या शेवटचा एक रविवार. वर्ध्याला, बोरगाव मेघेतल्या आमच्या घरी मुलीला पाहायला आलेली मंडळी चहा पिऊन निघायच्या बेतात होती... आणि आमच्या यांना त्यांना गाडीने एसटी स्टँडवर सोडायची हुक्की आली.

गाडी म्हणजे स्टुडबेकर. ज्यांनी हे नाव कधी ऐकलं नसेल त्यांचं नशीब चांगलं. अमेरिकेत घोडागाड्या बनवता बनवता ही कंपनी मोटारींकडे वळली आणि साठच्या दशकात तिने मोटारी बनवणंही बंद केलं. हे मला पाठ आहे, कारण घरी येणाऱ्या प्रत्येकाला हा इतिहास ऐकावाच लागायचा... दूधवाल्यालासुद्धा.

यांचं कापडाचं दुकान. हिंगणघाटच्या एका जिनिंगवाल्याच्या शेडमध्ये ही गाडी धूळ खात पडली होती, ती हे हौसेने घेऊन आले. गाडी फाटकातून बाहेर पडताना तो माणूस इतका खूश का दिसत होता, हे मला पुढच्या पावसाळ्यात कळलं.

कंपनीच उरली नाही म्हटल्यावर पार्ट कुठून मिळणार? दाराची मूठ लोखंडी कपाटाची, पंख्याचा पट्टा शेतातल्या पाण्याच्या इंजिनाचा. बॅटरी लागायची सहा व्होल्टची, आणि तशी मागितली की दुकानदार मोटरसायकलची काढून पुढे ठेवायचा.

रविवार आला की हे गाडीखाली. बाहेर आलेल्या हातात पाना द्यायला आमची वैशाली, तेव्हा शाळकरी पोर. मी दारातून ओरडायची, अहो, तिचे हात काळे होतात... तर खालून आवाज यायचा, "धुतले की निंगते ना!"

तर त्या दिवशी हीच वैशाली, आता बी.एड. झालेली, साडी नेसून समुद्रपूरच्या पाहुण्यांसमोर बसली होती. आधीची दोन स्थळं तिने "पाहू" म्हणून उडवून लावली होती. या वेळी मात्र कोणी न सांगता दुसरा चहा स्वतः टाकला... मी काय समजायचं ते समजले. हे स्थळ जमावं म्हणून माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. पाहुणे मात्र अजून हो म्हणत नव्हते की नाही म्हणत नव्हते.

सगळे अंगणात आलो. पाहतो तर गाडीचं पुढचं डावं चाक हवा जाऊन बसलेलं.

मला वाटलं, आता हे शहाण्यासारखे ऑटो बोलावतील. कसचं काय... यांनी डिकीतून जॅक आणि पाना काढला. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी बाह्या सरसावल्या. भारदस्त माणूस, घरचा ट्रॅक्टर, आवाज असा की समोरच्याने ऐकूनच घ्यावं. "सरका जी, मी पाह्यतो."

आता इथे एक सांगायला हवं. या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे. म्हणजे आपण नेहमीसारखा नट सोडवायला गेलो की तो आणखी घट्ट बसतो. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, मलासुद्धा.

व्याही जोर लावत होते. नट आवळत चालला होता. मी यांच्याकडे पाहिलं. एरवी गाडीला कोणी नुसता हात लावला तरी अर्धा तास व्याख्यान देणारा हा माणूस हाताची घडी घालून उभा!

मी कोपराने ढोसलं. अहो, सांगा ना... तर कानात म्हणतात, "मुलाकडचे हायेत. त्याइले कसा टोकू?"

मला इतका संताप आला म्हणून सांगू! मुलीचा बाप झाला म्हणजे डोळ्यांदेखत चूक चालली तरी मान डोलवायची? व्याही आता पान्यावर पाय देऊन उभे राहिले होते. "काऊन निंगून नाई राह्यला बे हा?" म्हणत घामाघूम झाले होते. मुलगा आणि त्याची आई एकमेकांकडे पाहत होते.

आणि वैशाली पायरी उतरली. पदर खोचला.

"काकाजी, या बाजूचे आटे उलटे हायेत. तुमी नट कसून राह्यले."

मला वाटलं, गेलं हे स्थळ. तिने पाना घेतला, उलट्या दिशेने लावला आणि सगळा भार टाकला. कर्रकन आवाज झाला, नट सुटला.

व्याह्यांनी रुमालाने हात पुसले. मग यांच्याकडे वळले. "तुमाले माहीत होतं?"

यांनी मान खाली घातली. "होतं जी... पण तुमी मुलाकडचे."

व्याही रुमाल खिशात घालत म्हणाले, "माह्या घरी माह्यासमोर गप राहणारे लय हायेत, भाऊ. कोनी सांगतच नाई. एक तरी बोलणारी येऊ द्या." आणि मुलाकडे पाहून हसले. मुलगा केव्हाचाच हसत होता.

पुढचं ऐकाल तर डोक्याला हात लावाल. चाक निघालं, स्टेपनी काढली... तर तिच्यातही हवा नाही! मंडळी ऑटोनेच गेली. लग्नाला गाडी मांडवासमोर आणायची नाही, एवढी एकच अट व्याह्यांनी घातली, आणि ती मी यांना न विचारताच कबूल केली.

त्या गाडीने माझे किती रविवार खाल्ले याचा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही. पण पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका डोळे पुसत होत्या, तेव्हा माझं मन शांत होतं. माझी मुलगी ज्या घरी चालली होती तिथल्या माणसांनी तिचं खरं बोलणं ऐकून घेतलं होतं... आणि तेही मोठ्या माणसाने, सगळ्यांसमोर.