हॉर्न ध्या

माझे मन आजारी पडले आहे हे बायकोला खनिजाच्या एका ट्रकमुळे कळले.

डिचोलीच्या मराठी शाळेत मी मास्तर. चुका काढणे हा पेशा आणि खोडही. लग्नपत्रिका आली की आहेर नंतर, आधी ऱ्हस्व-दीर्घ. गोवा राज्य झाले, कोकणी राजभाषा झाली आणि आता या मराठी मास्तराचा काय उपयोग, असे मीच ठरवून टाकले. दुसरे कुणी म्हटले नव्हते. झोप गेली, भूक गेली. अशात एकदा बायकोबरोबर बाजारात जाताना पुढच्या ट्रकवर ‘हॉर्न ध्या’ दिसले आणि मी गप्प राहिलो. एरवी ड्रायव्हरला खाली उतरवून ‘द’ गिरवायला लावला असता. बायको घाबरली. दुसऱ्याच दिवशी तिने मला म्हापशाला मनाच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर गृहपाठ: रोज स्वतःचा एक गुण वहीत लिहायचा. गृहपाठ न करणाऱ्यांना जन्मभर बाकावर उभे करणारा मी आठवडाभर कोरी वही घेऊन बसलो. खरोखर एकही गुण सुचेना. मला माझीच लाज वाटत होती.

शेवटी बायकोनेच लिहिले: ‘ह्यांची प्रक्रुति नाजुक पण मन मोठे. ह्यांचे शुद लेकन चांगले.’

शुद्धलेखनाची स्तुती, आणि तीच अशुद्ध! मी उठून लाल पेन शोधले. एका ‘प्रकृती’तच दोन चुका. डॉक्टरांना गुण हवे होते. मी दहापैकी चार दिले, पण बायकोला. मग चहा मागितला आणि पोदेराकडचे दोन पाव खाल्ले. गोळ्यांनीही गुण आला असेल, नाही म्हणत नाही.

संध्याकाळी तिने पेडण्याच्या भावाला लिहिलेले पोस्टकार्ड माझ्याकडे टाकायला दिले. उघडे कार्ड न वाचणारा मास्तर अजून जन्मायचा आहे. ‘ह्यांची प्रकृती सुधारत आहे. काळजी नसावी.’ एकही चूक नाही.

कार्ड घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. ती तांदूळ निवडत होती. वहीतल्या लिहिण्याबद्दल मान वर न करताच कोकणीत म्हणाली, “शुद्ध बरयलें आसतें तर तुमी पेन हातांत घेतलें आसतें?”

मी वही काढली, चार खोडून दहा केले आणि खाली माझा पहिला गुण लिहिला: बायको चांगली निवडली. खरे तर ती माझ्या वडिलांनीच निवडली होती.