राखणदाराच्या उतारावरचा आवाज

आमच्या गावातून रत्नागिरीकडे निघालं की दोन मिनिटांत राखणदाराचं वळण लागतं. जांभ्याचा एक उभा चिरा, त्याच्यापुढे नारळाच्या करवंट्या, एवढंच गाव राखणाऱ्या त्या देवाचं स्थान. तिथून खाली पुलापर्यंत कडक उतार. गावातला कुणीही गाडीवाला त्या उतारावर क्लच दाबून धरतो आणि ब्रेकवर गाडी गुमान खाली सोडतो. राखणदारासमोर इंजिन गुरकावायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मला गाडी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी शिकवली, तेव्हा रिव्हर्स घेण्याआधी हे शिकवलं.

आई गेल्यावर आप्पा गावच्या घरात एकटे राहायला लागले. मी रत्नागिरीत, शाळेत विज्ञान शिकवते. ‘माझ्याकडे या’ म्हणून डोकं फोडून घेतलं, पण आंब्याची कलमं सोडून ते कसले येतायत! शेवटी आमचं ठरलं. शनिवारी मी त्यांना न्यायचं, रविवारी परत सोडायचं. मात्र तब्येतीत जरा जरी फरक दिसला, तर घराला कुलूप आणि कायमचं माझ्याकडे. ‘चालेल,’ म्हणाले. इतक्या चटकन कबूल झाले तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दिवाळीच्या सुमाराला गाडी कण्हायला लागली. दुसरा शब्द नाही त्याला. माझी गाडी जुनी, डिझेलची, तशी एरवीही खडखडते. पण हा आवाज वेगळा. गिअर बदलताना नुसती चाहूल लागायची. राखणदाराच्या वळणावर आलो, क्लच दाबला, की मात्र तो सुरू व्हायचा आणि पुलापर्यंत सोबत यायचा. तोंड मिटून कुणीतरी दुखणं सोसतंय, असा. आम्ही निघायचो भर दुपारी बाराला. सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, चिटपाखरू नसायचं, आणि गाडीत आम्ही दोघंच. एकदा शेजारच्या काकी रत्नागिरीपर्यंत येतो म्हणून मागे बसल्या. उतार संपल्यावर म्हणाल्या, “मला पुलावर उतरव गो, मी एसटीनं जाते.” त्यानंतर त्या माझ्या गाडीत बसल्या नाहीत.

आप्पांनी मात्र आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हाच हात जोडले होते. “तो येतोय सोबत,” म्हणाले. “पुलापर्यंत त्याची हद्द. गाडी खोलायची नाही हां, बाय. सांगून ठेवतो.”

मुलांना घर्षण शिकवणारी मी, आणि ऐकलं त्यांचं! खरं सांगते, मी घाबरले होते. त्या वळणावर आरशात मागची सीट बघायची माझी छाती होत नसे. दर शनिवारी आवाज वाढत होता आणि मी दातावर दात दाबून उतार उतरत होते.

होळीच्या आधी क्लच धरेचना. मग आप्पांना न सांगता गाडी मेस्त्रीकडे टाकली. त्यानं गिअरबॉक्स खाली उतरवला आणि संध्याकाळी मला बोलावलं.

“ताई, उतारावर क्लच दाबून गाडी सोडता काय?”

“तुला कसं कळलं?”

“गावाकडच्या गाड्यांचं हेच असतं. देवाला मान देता, त्यात बेअरिंग मरतं.” त्यानं काळंनिळं पडलेलं एक कडं माझ्या तळहातावर ठेवलं. “हे रिलीज बेअरिंग. पाय दाबला की कामाला लागतं. ग्रीस पार जळलंय. फिरवून बघा.”

मी बोटानं फिरवलं. माझ्या हातात, बारीक आवाजात, तेच कण्हणं. अंगावर सर्रकन काटा आला आणि पाठोपाठ स्वतःचीच लाज वाटली. क्लचची प्लेट, हे बेअरिंग आणि आतलं छोटं पायलट बेअरिंग, सगळं नवं टाकायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतून गाडी आणताना क्लच शंभरदा दाबून पाहिला. कसलाही आवाज नाही.

शनिवारी आप्पा घराकडून वर येणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्या चढून रस्त्यावर आले आणि गाडीत बसले. दुरुस्तीचं त्यांना अजून सांगितलं नव्हतं. म्हटलं, उतारावर गंमत दाखवू. वळण आलं. क्लच दाबला.

आवाज आला.

तोच. तोंड मिटून सोसल्यासारखा. ब्रेक मारला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. ते खडखडणारं डिझेल गप्प झालं, सड्यावर पानही हलत नव्हतं, आणि आवाज चालूच. उलट आता स्पष्ट. मागून नव्हे, बाजूनं.

मी वळून बघितलं. आप्पा हात जोडून, ओठ घट्ट मिटून बसले होते. गळ्याच्या शिरा फुगलेल्या. पायऱ्या चढून आलेला दम छातीत घरघरत होता आणि ते तो दाबून धरत होते.

“आप्पा, तोंड उघडा. श्वास घ्या.”

घेतला. तो ऐकवत नव्हता. बऱ्याच वेळानं त्यांना बोलता आलं.

“गाडी खोललीस ना?”

“हो. कधीपासून होतंय हे?”

“पावसाळ्यापासून. पायऱ्या चढलो की लागतो, पुलापर्यंत बसतो दम. तुझी गाडी कण्हायला लागली, मला बरंच झालं.”

मला प्रचंड राग आला. त्यांचा, आणि त्याहून जास्त माझा. इतके शनिवार मी मागच्या सीटला घाबरत होते आणि शेजारी बघितलं नव्हतं.

“आधी डॉक्टरकडे जायचं,” मी म्हटलं.

“जाऊ. पण उद्या परत सोडशील ना घरी?”

“सोडते की.”

आयुष्यात त्यांच्याशी इतकं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शर्टाच्या खिशातून घराची चावी काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली.