अंगठ्यावरचा लाल दाणा

देवाकडे काय मागावं हेही धड न कळणारा माणूस मी. म्हणून आधीच सांगून ठेवतो, की त्या दिवशी नर्मदेच्या ग्वारीघाटावर नेमकं काय झालं ते मला आजही नीट उमगलेलं नाही. जे आठवतं ते लिहितो. अर्थ ज्याचा त्याने लावावा, मला तो लावता आला नाही.

तेव्हा मी जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात नोकरीला होतो. दिवसभर पायात जड बूट, आणि नखं कोपऱ्यात अगदी खोलवर कापायची माझी खोड. उजव्या अंगठ्याचं नख कडेने मांसात रुतलं. सुरुवातीला नुसतं ठणकायचं. मग त्या कडेला लालभडक मांसाचा एक दाणा उगवला, डाळिंबाच्या दाण्यासारखा ओला आणि चकाकता. मोजा घासला तरी भळाभळा रक्त. बायकोने हळद भरली, शेजारच्या दीदींनी कडुलिंबाचा पाला बांधायला सांगितला, आणि दाणा आपला वाढतच राहिला. शेवटी डॉक्टरांना दाखवला. त्यांनी पाहिलं आणि अगदी सहज म्हणाले, "निकाल देते हैं. टुकड़ा जाँच के लिए भेजेंगे."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. अमरावतीच्या माझ्या थोरल्या भावाला, दादाला, डॉक्टर हेच म्हणाले होते. त्याच्या तळपायाला काळा डाग आला होता. आधी तुकडा तपासायला गेला, मग पाय गेला, आणि शेवटी दादाही गेला. त्याचा काळा डाग आणि माझा लाल दाणा माझ्या डोक्यात एकच होऊन बसले. तुकडा काढलाच नाही तर काही कळणार नाही, आणि कळलं नाही तर काही होणारही नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची अक्कल ती! बायकोने समजावलं, भांडली, रडली. मी दवाखान्याचं नाव काढू देईना.

मग ती नवस बोलली. तपासणीत काही वाईट निघालं नाही तर नर्मदामैयाला चुनरी चढवीन. आमच्याकडे मोठे लोक साडीला साडी जोडून नावेतून या काठापासून त्या काठापर्यंत नेतात. आमची ऐपत एका साडीची. त्यातही मी पळवाट शोधली. म्हटलं, आधी चुनरी चढवू, मग ऑपरेशनचं बघू. मनातलं मागणं वेगळंच होतं. मैया, हे आपोआप गळून पडू दे, मला सुरीखाली जायला लावू नकोस. श्रद्धा होती की भीती होती, तेही सांगता येत नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघं घाटावर गेलो. चपला काठावर ठेवून नावेत चढताना फळीच्या कडेवर नेमका तोच अंगठा आपटला. पट्टी निसटली आणि रक्ताची धार लागली. मी पायरीवरच बसलो. मैयाच्या घाटावर आपलं रक्त सांडतंय याची लाज वाटत होती. रुमालाने दाबायचो, थांबलं का म्हणून उघडून बघायचो, की पुन्हा धार. असं कितीदा केलं कोण जाणे. बायको साडीची पिशवी छातीशी धरून माझ्याजवळ उभी होती.

वरच्या पायरीवर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. खांद्यावर गमछा, पायात कापडी बूट. ते उतरून आले, समोर बसले, माझा पाय सरळ मांडीवर घेतला आणि गमछ्याने अंगठा घट्ट आवळून धरला.

"दबाके रखो भैया. बार-बार खोलके मत देखो. देखोगे तो बहेगा."

"थमेगा ना?" मी विचारलं.

"तुम नदी देखो."

मी नदीकडे पाहत राहिलो. त्यानंतरचं मला लख्ख आठवतं. त्यांनी आपला उजवा बूट काढला आणि अंगठा दाखवला. नख एका बाजूने अरुंद, पण कातडी स्वच्छ. म्हणाले, "हमारा भी ऐसा ही था. जाँच भी हुई, कुछ नहीं निकला. जाओ, कटवा लो." तपासणीबद्दल मी त्यांना अवाक्षरही बोललो नव्हतो. रक्त थांबलं. ते पायऱ्या चढून निघून गेले आणि गमछा माझ्या पायालाच बांधलेला राहिला. चुनरी तशीच घरी परत आली.

दुसऱ्याच दिवशी मी आपल्या पायांनी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी अंगठा बधिर केला, रुतलेली नखाची कड काढली, दाणाही काढला. निकाल येईपर्यंत जीव टांगणीला लागला, पण मी 'नदी देखो' म्हणत राहिलो. निकाल चांगला आला. डॉक्टरांनी समजावलं, की नख टोचत राहिलं, शरीर जखम भरायला धावलं आणि भरण्याच्या घाईत अति करून बसलं. रक्तवाहिन्यांचा नुसता झुबका तो. बूट ढिले घाला, नखं सरळ कापा. ज्याला मी मरण समजत होतो ती बिचारी जखम भरायची धडपड होती. दादा आठवला, आणि मी तिथेच ढसाढसा रडलो.

जखम भरल्यावर आम्ही नवस फेडायला गेलो. धुतलेला गमछा सोबत घेतला होता. फुलवालीला विचारलं, नावाड्यांना विचारलं. कुणाला असा माणूस आठवेना. नाव मधोमध आली तेव्हा मी हळहळून म्हणालो, "त्यांनी तो अंगठा दाखवला नसता तर मी कधीच गेलो नसतो."

बायको माझ्याकडे बघतच राहिली. "कोणता अंगठा? त्यांनी बूट काढलेच नाहीत जी. तुमचा पाय मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून होते शेवटपर्यंत. दबाके रखो, नदी देखो, एवढंच बोलले. मी तिथंच उभी होती ना!"

मी वाद घातला. नख कोणत्या बाजूने अरुंद होतं तेसुद्धा सांगितलं. ती मान हलवत राहिली. मग मी पाहिलं ते काय? कुणाच्या शब्दावर मी सुरीखाली गेलो? पुन्हा पुन्हा तेच विचारत होतो. शेवटी ती म्हणाली, "अहो, जखम भरली ना? मग आता काहून उघडून उघडून पाहून राहिले?"

तिने साडीचं एक टोक माझ्या हातात दिलं. मैया, ते तू होतीस की कुणी भला माणूस, मला माहीत नाही. ज्याने धरून ठेवलं त्याला माझा नमस्कार. मी नदीकडे पाहिलं आणि टोक सोडून दिलं.