घोड्यावरचे सासरे

वादळात चौकातल्या घोड्यावरच्या सेनापतीचं दगडी डोकं पडलं आणि नवं घडवायचं काम पाथरवटाच्या गळ्यात पडलं. सेनापतीचं चित्र कुठेच नव्हतं. गडी प्रत्येक लढाईतून असा पळायचा, की चित्रकारांच्याही हाती लागला नाही. शेवटी पाथरवटानं दिवसभर ओट्यावर पेंगणाऱ्या आपल्या सासऱ्यांनाच समोर बसवलं.

लोकांना त्या मिटल्या डोळ्यांत ध्यानस्थ वीर दिसला. शिपाई सलाम ठोकू लागले आणि सासरे पुतळ्याखाली उभं राहून ते ऐटीत स्वीकारू लागले.

एकदा बाजारातून येताना सासूबाईंनी वर पाहिलं आणि त्या कडाडल्या, "घरात बादली उचलताना कंबर धरते, आणि इथे घोड्यावर चढून बसलात?"

सासऱ्यांनी धूम ठोकली. ते पाहून पाथरवटाचा जीव भांड्यात पडला. चला, सेनापती हुबेहूब साधला!