जिनिंगच्या दारातली ओटी

धरणगावात कापसाच्या जिनिंगच्या फाटकासमोर माझी चहाची टपरी आहे. तिथे बसून माणसं लई बघितली, पण बेबाबाईसारखी खट बाई दुसरी नाही. घोट घेतला की चारचौघांत मलाच विचारणार, "सुमन, चहा शे का गरम पानी?" मेली!

भर तारुण्यात नवरा गेला. जिनिंगात राबून तिने एकटीने पोरगा वाढवला, नवल. त्याचं लग्न केलं. सून रत्ना, सासूच्या मागे मागे तीही जिनिंगात आली. मशीनमध्ये कापूस टाकायचं काम. तिच्या पाठीमागेच मशीनचा उघडा पट्टा फिरायचा. मागच्या हंगामात त्याच पट्ट्यात तिथल्याच सविताचा हात गेला. तेव्हापासून बेबाबाईने एकच धोशा लावला, पट्ट्याला लोखंडी जाळी बसवा. मुकादमाला सांगितलं, शेठला सांगितलं. शेठ म्हणाला, "बघू." आग लागो त्या बघूला!

मग धुळ्याहून युनियनचे प्रेमराजभाऊ आले. युनियन म्हणजे काय, आमच्या बायांना काय ठाऊक? बेबाबाईने घरोघरी फिरून समजावलं, "एकटी बोलनी तर तोंडाळ, बठ्ठ्या बोलन्यात तर युनियन." दसऱ्यानंतर हंगामाच्या मुहूर्तालाच साऱ्या फाटकात बसल्या. जाळी बसल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. शेठने दम दिला, पोलीस बोलावले, बाहेरगावचे मजूर आणतो म्हणाला. एक बाई जागची हलली नाही. मला इतका आनंद झाला, की फुकट चहा पाजला सगळ्यांना.

तेवढ्यात शेठाणी आली. आजवर कधी फाटकापर्यंत न आलेली बाई, हातात हळदीकुंकवाचं ताट. "तुम्ही लक्ष्म्या उन्हात बसल्या, मला घास जात नाही गं," म्हणाली आणि एकेकीची ओटी भरायला लागली. तांदूळ, खण, नारळ. आता ओटीला नाही कसं म्हणायचं? आणि जिच्या हातची ओटी घेतली, जिच्या पाया पडलो, तिच्याच दारात तिच्या नवऱ्याविरुद्ध बसायचं तरी कसं? एकेक जण खाली मान घालून आत गेली.

रत्नाने सासूकडे बघितलं. लग्नाला वर्षं झाली तरी पोरीची कूस उजवली नव्हती. बेबाबाईने त्यासाठी किती देव पालथे घातले, मला माहीत आहे. ती तिथेच ढिली पडली. "घे, पोरी," म्हणाली, "ओटीले नही म्हनू नको."

बेबाबाईची ओटी कोण भरणार? विधवा ना ती! शेठाणी तिला ओलांडून पुढे गेली. साऱ्या बायांत ती एकटीच फाटकात बसून राहिली.

भरलेली ओटी घरी देवापुढे नेईपर्यंत सोडायची नाही, ही आपली रीत. एरवी रत्ना पदर कमरेला करकचून खोचायची. त्या दिवशी नारळ-तांदूळ बांधलेला पदर बाजूला लोंबत होता. दुपारी आतून किंचाळी आली. बेबाबाई धावली, मी चहाचं पातेलं तसंच सोडून तिच्यामागे. पट्ट्याने पदर ओढून नेला होता. कापसावर तांदूळ सांडले होते. रत्ना दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचली नाही हो.

सवाष्ण गेली की तिची ओटी भरून पाठवणी करतात. शेठाणी हिरवं लुगडं, नारळ घेऊन आली. रडत होती, खोटं कशाला बोलू? ती वाकली तसा बेबाबाईने तिचा हात धरला. "एकदाव भरी ना तुम्ही. आते ऱ्हाऊ द्या."

आणि तिने स्वतः सुनेची ओटी भरली. विधवेने ओटी भरली, तरी एकीनेही तोंड उघडलं नाही. उघडायला तोंड होतं कुठे कुणाला?

दुसऱ्या दिवशी साऱ्या बाया पुन्हा फाटकात बसल्या. आठवड्याच्या आत जाळी बसली. युनियनही झाली, आजूबाजूच्या जिनिंगमधल्या बायासुद्धा आता तिच्यात आल्या. बेबाबाईला अध्यक्ष करायचं म्हणून सगळ्या मागे लागल्या. ती आली नाही. जिनिंगात तर तिने परत पाऊल टाकलंच नाही.

रोज सकाळी टपरीवर येऊन बसते. आता चहाला नावं ठेवत नाही. कप हातातच निवतो. मधूनच विचारते, "सुमन, मीच सांगं ना तिले, घे म्हनीसन?"

मी निवलेला चहा ओतून देते आणि दुसरा भरते.